पितळी पुंगळ्यांची सफाई

अमेरिकेंतील नेमबाजीचे अनेक शौकीन उडविलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून देत नाहींत. ती साफ करून, दाबून मूळ आकारांत आणून, तींत नवी दारू व गोळी भरतां येते. सफाईसाठीं पुंगळ्या एखाद्या भरड्यासह फिरत्या किंवा थरथरत्या भांड्यांत कांहीं तास घोळवितात. प्रश्न उरतो तो भरडा कशाचा घ्यावा, एवढाच.

अक्रोडाच्या कवचांचा भरडा कठीण; जुनाट डाग तो काढतो, पण झिलई मंदच राहते. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भरडा मऊ असतो, आणि झळाळी येते ती त्यानेंच. मात्र दोहोंच्या धुळींत काडतुसाच्या टोपींतील शिशाचा अंश उतरतो. ती धूळ घरांत उडूं देणें अविचाराचें होय. पाण्यांत पोलादाच्या बारीक काड्यांसह घोळविल्यास धूळ उडत नाहीं व आंतील काजळीही निघते. पण मग शिसें त्या पाण्यांत येतें.

भरड्यांत झिलईचें द्रव्य मिसळतांना अधिक जपावें लागतें. त्यांत अमोनिया मुळींच नसावा. हिंदुस्थानांतील ब्रिटिश फौजेनें तबेल्यांत सांठविलेलीं काडतुसें पावसाळ्यांत आपोआप तडकत. १९२१ सालीं मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनीं त्याचा उलगडा केला: घोड्यांच्या मूत्रांतून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवितांना पितळेंत राहिलेला ताण, या तिहींचा तो परिणाम. बेताची आंच देऊन ताण घालविला कीं तडे टळत. पुंगळी पुन्हां आकारांत दाबतांना असाच ताण तींत उरतो. अमोनिया लागल्यास वरून चकचकीत दिसणारी ती पुढच्याच बाराला फुटूं शकते.