ऑपेरा शिकणाऱ्यांना रंगमंच कधी मिळतो?

मूल गाणं शिकायला लागलं की वर्ष-दोन वर्षांत आपल्याकडे विचारणा सुरू होते, "मग, स्टेजवर कधी?" पाश्चात्त्य ऑपेरा शिकणाऱ्यांच्या बाबतीत उत्तर जरा वेगळं आहे. तिथे रंगमंच बऱ्यापैकी लवकर मिळतो, मोठी भूमिका मात्र उशिरा.

कारण साधं आहे. ऑपेरात गायक माइकशिवाय गातो. पुढ्यात पन्नास-साठ वादकांचा ऑर्केस्ट्रा, आणि त्याला पार करून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा. (आपले जुने संगीत नाटकवालेही माइकशिवाय गात, पण साथीला ऑर्गन, सारंगी, तबला एवढंच!) असा आवाज शरीराबरोबर पिकतो. हलके आवाज पंचविशीच्या आसपास तयार होतात, भारदस्त आवाजांना बहुधा तिशी उजाडते. त्याआधी व्हर्डी-वाग्नरची अवजड भूमिका रेटून गायली तर गळ्याला इजा होऊ शकते.

म्हणजे तोवर नुसता रियाजच करायचा का? नाही. आवाजाला झेपेल एवढंच काम द्यायचं. मोझार्टचा 'द मॅरेज ऑफ फिगारो' १७८६ मध्ये व्हिएन्नात रंगला, तेव्हा माळ्याच्या मुलीची, बार्बरीनाची, भूमिका आना गॉटलीबने केली. ती फक्त १२ वर्षांची होती. तिच्या वाट्याला स्वतंत्र गाणं एकच, तेही छोटंसं, हरवलेली टाचणी शोधतानाचं. पाच वर्षांनी त्याच मुलीने 'द मॅजिक फ्लूट'मध्ये नायिका पामिना साकारली.

आजची व्यवस्था पाहायची तर अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं सांता फे ऑपेरा हे उत्तम उदाहरण आहे. जॉन क्रॉस्बी यांनी १९५७ मध्ये ही संस्था काढली आणि पहिल्याच हंगामापासून शिकाऊ गायकांची योजना ठेवली. उन्हाळ्यात सुमारे ४० तरुण गायक तिथे राहतात. ते कोरसमध्ये गातात, लहान भूमिका करतात, आणि काही जण 'कव्हर' असतात. कव्हर म्हणजे अख्खी मोठी भूमिका पाठ करून तयार राहायचं. मुख्य गायक आजारी पडला तर उभं राहायचं. बहुतेक वेळा ती पाळी येतच नाही. तरीही भूमिका अंगात मुरते ती इथेच, आणि माझ्या मते स्पर्धेतल्या बक्षिसापेक्षा हे शिक्षण मोलाचं. हंगामाच्या शेवटी याच मुलांचे खास प्रयोग होतात. वेगवेगळ्या ऑपेरांतले निवडक प्रवेश, मुख्य रंगमंचावर, वेशभूषेसह आणि खऱ्या प्रेक्षकांसमोर. जॉयस डिडोनाटो ही आजची नामवंत मेझो-सोप्रानो १९९५ मध्ये इथे शिकाऊ होती.

आता पैशाचं. सांता फे आपल्या शिकाऊ गायकांना मानधन देतं. सॅन फ्रान्सिस्कोचा मेरोला कार्यक्रमही गायकांकडून फी घेत नाही. पण उलट्या प्रकारच्या उन्हाळी कार्यशाळाही पुष्कळ आहेत. तिथे भरमसाट फी भरून भूमिका 'मिळते'. सगळ्याच वाईट असतात असं नाही. पण भरण्याआधी विचारा, साथीला ऑर्केस्ट्रा आहे की फक्त पियानो? प्रयोग किती? एकाच भूमिकेत किती जणांना वाटून घातलंय? भूमिका मुलाच्या आवाजाला झेपणारी आहे, हे कोण ठरवतं?

आपल्याकडे अशी साखळी अजून उभी राहायची आहे. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ २००९ पासून भारतात येऊन तरुण गायकांना शिकवतात. २०१६ मध्ये मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस पुन्हा उघडलं, तेव्हा त्याच गायल्या होत्या.

शाळेत काही करू पाहणाऱ्या संगीत शिक्षकांनी पर्सेलचा 'डिडो अँड इनियस' जरूर ऐकावा. त्याचा सर्वांत जुना ज्ञात प्रयोग १६८९ च्या सुमारास लंडनच्या चेल्सी भागात, मुलींच्या एका शाळेतच झाला होता. ऑपेरा जेमतेम तासाभराचा, कोरसला भरपूर काम, आणि साथीला मोजकी तंतुवाद्यं पुरतात.