खेळ मुलांचा, पात्र तुमचं!

मैत्रिणींनो, सुट्टी लागली की मुलांना कशात गुंतवायचं, हा तुम्हा-आम्हा सगळ्यांचाच प्रश्न. आम्हा चितेगावकरांना तर नाटक-सिनेमा म्हटलं की पैठण रस्त्याने शहर गाठावं लागतं. म्हणून परवा चिरंजीवांनी मित्र जमवून जेवणाच्या टेबलावर फासे मांडले, तेव्हा मी आधी दचकलेच. फासे म्हटलं की आपल्याला द्यूत आठवतं! पण इथे पैसे नव्हते, हारजीतही नव्हती. होती ती नुसती गोष्ट.

खेळ असा. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात. "समोर बंद दरवाजा आहे, काय करशील?" असं सूत्रधार विचारतो आणि आपण पात्राच्या वतीने उत्तर द्यायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला, तिथून ही पद्धत रुजली. त्यात प्रत्येक पात्राचे सहा गुण असतात : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि दुसऱ्यावर छाप पाडण्याची हातोटी. जुन्या पद्धतीत एकेका गुणासाठी तीन साधे फासे टाकून बेरीज करतात. म्हणजे कमीत कमी ३, जास्तीत जास्त १८. घरातले लुडोचे फासे चालतात बरं का!

एक भिडू कमी होता, म्हणून मला बसवलं. मी कागदावर लिहिलं : सुशील, कामसू, सगळ्यांना मदत करणारी, कधी न रागावणारी. मुलगा म्हणाला, "ते ठीक आहे गं आई, पण हिला हवंय काय?"

मला उत्तरच सुचेना. खेळात माझी बाई सगळ्यांच्या मागून कंदील धरून चालत राहिली. काही ठरवायची वेळ आली की मी आपली, "तुम्ही म्हणाल तसं." तासाभरात मलाच जांभया येऊ लागल्या. स्थळाच्या चिठ्ठीत लिहितात तसलं ते वर्णन. त्यातून माणूस कसा उभा राहणार?

खरं तर याचा धडा आपल्या शेजारीच आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडं रचली, ती वासुदेव, जोशी, गोंधळी अशी नाना सोंगं घेऊन. त्यात भवानीआईला साकडं घालणारी एक सून आहे. सासरा, सासू, जाऊ, अगदी नवराही, सगळ्यांपासून सुटका माग‍ते आणि मला एकटीच राहू दे म्हणते! आतला अर्थ अध्यात्माचा, पण बाई कशी जिवंत वाटते पाहा. कारण तिला काहीतरी हवं आहे. आपल्या शहराच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे ५२ पात्रं उभी करत. आवाज निराळा, ढब निराळी आणि प्रत्येकाची घाई, हौस, रुसवाही निराळा.

तेव्हा दुसऱ्या दिवशी मी नवा कागद घेतला. फासे टाकण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं लिहिली. तुम्हीही असंच करा.

१. पोटापाण्यासाठी काय करते? माझी गोदा, यादवांच्या काळातली कासारीण. बांगड्या भरायला घरोघर जाते, म्हणून चार गोष्टी तिच्या कानावर येतात. धंद्यातून कसब आपोआप ठरतं.

२. तिला काय हवं आहे? भाऊ देवगिरीच्या किल्ल्यावर शिपाई आहे. त्याला गाठून माहेरच्या जमिनीचा वाद मिटवायचा आहे. 'सगळ्यांचं भलं' हे उत्तर चालणार नाही!

३. उणीव कोणती? गोदा रातांधळी आहे. पुरणपोळीच्या कणकेतही चिमूटभर मीठ लागतं, तसं हे. मात्र उणीव अशी हवी की खेळात कधीतरी आडवी यावी.

४. तिची माणसं कोण? एकजण तरी जिवाभावाचं आणि एकजण न पटणारं असू द्या. सूत्रधाराला गोष्ट पुढे न्यायला तेच उपयोगी पडतात.

५. कोणती गोष्ट ती मरेपर्यंत करणार नाही? गोदा खोटी शपथ घेणार नाही.

मग फासे टाकले. ताकद आली ६, पण शहाणपण १५. वाईट आकडा आला म्हणून पुन्हा टाकायचा मोह आवरा. सहा आकडा आला म्हणूनच गोदाने जड पेटी उचलायला एक पोऱ्या बरोबर घेतला आणि गोष्टीत भर पडली.

मुलांनी गोष्ट नेली थेट देवगिरीच्या अंधारीत. किल्ल्यातला हा भुलवणारा काळोखा मार्ग आजही आपण जाऊन पाहतो. तिथे इतरांच्या मशाली विझल्या आणि सगळे चाचपडू लागले. गोदाला मात्र संध्याकाळनंतर भिंतीला हात लावून चालायची रोजची सवय. मी म्हटलं, "माझा पदर धरा आणि मागून या." सगळी मुलं माझ्याकडे बघतच राहिली. पुढे भाऊ भेटला. त्याने अट घातली, की वाटणीबद्दल खोटी शपथ घे, तरच बाहेरची वाट दाखवतो. गोदा नाही म्हणाली. फासा टाकला, आकडा हलका पडला. भाऊ पाठ फिरवून निघून गेला.

वाद मिटला नाही, पण त्या रात्री पोळ्या लाटताना मुलगा स्वयंपाकघरात आला. "आई, गोदा आता काय करणार?" आम्ही दोघं बराच वेळ बोललो. दहावीच्या अभ्यासाखेरीज आमचं इतकं बोलणं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

तर मैत्रिणींनो, या सुट्टीत मुलांनी फासे काढले की चहा-पोह्यांच्या बश्या ठेवून आत वळू नका. एक खुर्ची ओढा, कागद मागा. दुसरा प्रश्न अवघड वाटेल, तरी सोडू नका. आणि 'तुम्ही म्हणाल तसं' हे वाक्य निदान खेळापुरतं तरी बंद!