बशीतल्या पेशी मेल्या, मग पुढे?

काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी मारणं फारसं अवघड नाही. मिठाचं प्रमाण जास्त झालं तरी त्या मरतात. म्हणून ‘अमुक पाल्याच्या अर्कानं कॅन्सरच्या पेशी नष्ट’ अशी बातमी दिसली, की अर्क किती घातला होता आणि निरोगी पेशींचं काय झालं, हे मी आधी शोधतो.

चाचणी दिसायला साधी असते. पानं सावलीत वाळवून दळायची, अल्कोहोलमध्ये भिजत घालायची, गाळून अर्क आटवायचा. 96 खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशी वाढवून अर्काची मात्रा खळग्यागणिक चढवत न्यायची. दोन-तीन दिवसांनी एमटीटी नावाचा पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी तो जांभळा करतात. जांभळा रंग जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी. गोम अशी, की वनस्पतींतले काही घटक पेशींशिवायच हा रंग जांभळा करून टाकतात. त्यामुळे नुसत्या अर्काचा एक खळगा ठेवावा लागतो. अर्क ज्यात विरघळवला त्या डीएमएसओचा एक, निरोगी पेशींचा एक, आणि केमोच्या एखाद्या सिद्ध औषधाचाही एक. हे खळगे ज्या शोधनिबंधात नाहीत, तो खुशाल बाजूला ठेवावा.

दिल्लीला लागून नोएडाच्या सेक्टर 39मध्ये आयसीएमआरची कर्करोग प्रतिबंधाची संस्था आहे; पूर्वी तिला ‘आयसीपीओ’ म्हणत. तिथल्या भूपेश प्रुस्टी आणि भूदेव दास यांनी 2005 साली हळदीतल्या कर्क्युमिनवरचं काम प्रसिद्ध केलं. पेशी होत्या ‘हेला’, म्हणजे 1951 साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या पेशींचा वंश. त्यांच्यात एचपीव्ही-18 या विषाणूची जनुकं घर करून आहेत आणि कर्करोग धगधगता ठेवतात तीच. ती चालू राहायला पेशीतलं एपी-1 हे प्रथिन लागतं. कर्क्युमिननं एपी-1चा जोर ओसरला आणि विषाणूची जनुकंही मंदावली. पेशी मेल्या एवढ्यावर न थांबता आत नेमकं काय बिघडलं ते दाखवलं, म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं.

शरीरात शिरताना मात्र हळद अडखळते. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज 8 ग्रॅम कर्क्युमिन तोंडावाटे देऊन केलेला एक अमेरिकी अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. रक्तात ते मिलिलिटरला 22 ते 41 नॅनोग्रॅम एवढंच सापडलं. बशीत गुण दिसायला हजारो नॅनोग्रॅम लागतात. हळदीत कर्क्युमिन असतं तीनेक टक्के, तेव्हा 8 ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद पोटात जायला हवी. सांगलीकरालाही ते झेपायचं नाही.

गर्भाशयमुखापर्यंत मात्र औषध थेट पोचवता येतं, रक्ताचा फेरा लागत नाही. दिल्लीचे प्रतिकारशक्तितज्ज्ञ जी. पी. तलवार यांच्या गटाचं ‘बसंत’ हे मलम तसं होतं: कर्क्युमिन, आवळा, रिठा, कोरफड. त्याची चाचणी एचपीव्हीची लागण असलेल्या, पण आजार फार पुढे न गेलेल्या 287 स्त्रियांवर झाली. निष्कर्ष 2013 साली आले. कोणाला काय मिळणार हे नशिबावर सोडून चार गट केले होते: बसंत, औषध नसलेलं मलम, कर्क्युमिनची कॅप्सूल आणि औषध नसलेली कॅप्सूल. उपचार 30 दिवसांचे.

बसंतच्या गटात 87.7 टक्के स्त्रियांमधला विषाणू गेला. एवढाच आकडा छापला असता तर केवढा मथळा झाला असता! पण औषध न मिळालेल्या दोन गटांतही 73.3 टक्के स्त्रियांमधला तो गेलाच होता, कारण एचपीव्हीला बहुतेकदा शरीर स्वतःच हुसकावतं. म्हणजे मलमाची खरी कमाई साधारण चौदा टक्क्यांची. ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली. नुसत्या कर्क्युमिनचे 81.3 टक्के टिकले नाहीत. बसंतच्या गटात जळजळ आणि खाजही जास्त होती. शिवाय विषाणू जाणं म्हणजे कर्करोग बरा होणं नव्हे.

मग झाडापाल्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही का? आहे, आणि त्याचा भक्कम पुरावा नंदुरबारचा आहे. तिथे 1925 साली जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी अमेरिकेत 1966 साली कॅम्प्टोथेसिन आणि 1971 साली टॅक्सॉल ही रसायनं जगापुढे मांडली. पहिलं पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडलं, आणि नरक्याच्या चोरट्या तोडीला ऊत आला. दुसरं पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतलं. साल गोळा झाली 1962 साली. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी औषधाला मंजुरी मिळाली 1992च्या डिसेंबरात. टॅक्सॉल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे त्या सालीचा काढा करून उपयोग नव्हता. अखेर एरंडेलापासून बनवलेल्या द्रावकात मिसळून ते शिरेतून देऊ लागले. तो द्रावक सगळ्यांना सोसत नाही, म्हणून रुग्णाला आधी ॲलर्जी रोखणारी औषधं द्यावी लागतात.