पाठीवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण बहुधा कीव करण्यासाठी वापरतो. तिच्यातील शहाणपण आम्हांस गेल्या वर्षी संगणकाने शिकविले.

आमच्या शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टरांची पाने विरू लागली आहेत. जन्मतारखेसाठी, जातीच्या दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांची नोंद शोधीत लोक येतात, ते त्याच पानांपाशी. या नोंदी संगणकात उतरविण्यासाठी एका माजी विद्यार्थ्याने आज्ञावली रचून दिली. त्याच्याकडे ती उत्तम चालली. आमच्याकडे मात्र नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहिली! आज्ञावली तीच, परंतु आमच्या संगणकातील डेटाबेस जुना होता आणि त्याच्या लेखी अक्षरे म्हणजे केवळ रोमन.

त्याने सुचविलेल्या उपायाचे नाव ‘कंटेनर’. आज्ञावली एकटी न पाठविता, तिला लागणाऱ्या सर्व साहित्यासह तिचे बिऱ्हाडच बांधून पाठवावयाचे, ही त्यामागील कल्पना. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉकर’ने ती सर्वत्र रुजविली. जुन्या वाड्यात पाया आणि विहीर सर्वांची एकच असे. दार, चूल व शिधा मात्र ज्याचा त्याचा. येथे पाया म्हणजे लिनक्स प्रणालीचा गाभा. संगणकाच्या पोटात दुसरा संपूर्ण संगणक उभारण्याच्या रीतीत पायाही दर वेळी नवा घालावा लागतो; कंटेनरला ते करावे लागत नाही, म्हणून तो क्षणात सुरू होतो. विंडोजच्या संगणकावर डॉकर आधी लिनक्सचा हा पाया आत उभा करून घेतो.

मांडणीचे काम दोन लहान मजकुरांवर भागले. ‘डॉकरफाइल’मध्ये काय काय, कोणत्या क्रमाने आणावयाचे याची यादी असते, तिच्यावरून ‘इमेज’ हा साचा बनतो आणि साच्यातून हवे तितके कंटेनर. ‘कंपोज’च्या मजकुरात दोन बिऱ्हाडांची नोंद केली : एक आज्ञावलीचे, दुसरे पोस्टग्रेस या डेटाबेसचे. तेथे ‘नवीनतम’ असे मोघम न लिहिता ‘पोस्टग्रेस १६’ असा आकडा घालावा. अन्यथा वर्षभराने भलतेच बिऱ्हाड येऊन उतरते. मग ‘डॉकर कंपोज अप’ एवढी आज्ञा पुरे. पडद्यावर पहिले नाव जोडाक्षरांसह शुद्ध देवनागरीत उमटले, तेव्हा शिपाईमामाही पाहावयास आले.

पुढे प्रमाद घडला तो आमच्याच हातून. कंटेनरच्या पोटात लिहिलेले कंटेनरबरोबरच जाते. म्हणून नोंदींसाठी ‘व्हॉल्यूम’ नावाची वेगळी कोठी ठेवावी लागते. ‘डॉकर कंपोज डाउन’ म्हटल्याने बिऱ्हाड मोडते, कोठी राहते. परंतु त्यापुढे ‘व्ही’ हे अक्षर जोडले की कोठीही पुसली जाते. साफसफाई होईल या समजुतीने आम्ही ते जोडले आणि दिवसभर टंकलेली साठ नावे गेली.

आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर सर्व नोंदींची प्रत आम्ही पेनड्राइव्हवर काढतो. ती साठ नावे दुसऱ्याच दिवशी पुन्हा टंकली; कारण रजिस्टर समोर उघडेच होते. ते आम्ही कपाटातून हलविलेले नाही.