औषधाच्या डब्यातली एक गोष्ट

रात्री सासूबाईंना दम लागतो आणि आपण लगबगीनं कपाटातला औषधाचा डबा काढतो. गोळ्यांच्या पट्ट्या, खोकल्याची अर्धी बाटली, दम्याचा पंप. किंमत आपल्याला तोंडपाठ असते. पण औषध कोणी बनवलं, हे किती जणी वाचतात? आज एखादी पट्टी उलटून पाहा. 'सिप्ला' हे नाव सापडेलही. या कंपनीची हकीगत आपल्या घरखर्चाशी जोडलेली आहे, म्हणून सांगते.

१९३५ साली डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी ती मुंबईत काढली. गृहस्थ मूळचे अलिगढचे, बर्लिनला रसायनशास्त्र शिकून आलेले. 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून झालं सिप्ला. त्या काळी बरीचशी औषधं परदेशातून येत. ४ जुलै १९३९ रोजी गांधीजी हा कारखाना पाहून गेले. पुढे महायुद्धात बाहेरचा माल येईना, तेव्हा घरच्या कारखान्याची किंमत सर्वांना कळली.

पुरणपोळी कोणाची?

आता थोडं कायद्याचं. घाबरू नका, स्वयंपाकघरातलंच उदाहरण देते. समजा, शेजारणीनं पुरणपोळीवर हक्क सांगितला आणि गावात दुसऱ्या कोणी ती करायचीच नाही असं ठरलं. हे झालं वस्तूचं पेटंट. पण हक्क फक्त तिच्या कृतीवर असेल, तर तुम्ही वेगळ्या कृतीनं पोळी करू शकता. हे कृतीचं पेटंट.

१९७० साली आपल्या सरकारनं कायदा केला आणि १९७२ पासून औषधांना फक्त कृतीचं पेटंट राहिलं. हमीदांचे चिरंजीव डॉ. युसुफ हमीद केंब्रिजला रसायनशास्त्र शिकून १९६० साली कंपनीत आले होते. त्यांनी आणि इतर भारतीय कंपन्यांनी वेगळ्या कृती शोधून तीच औषधं स्वस्तात बनवायला घेतली. त्याच दशकात सिप्लानं दम्याचे पंपही आणले.

दिवसाला एक डॉलर

खरी कसोटी पुढे लागली. एड्सवर तीन औषधं एकत्र घ्यावी लागत आणि पाश्चात्त्य देशांत त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जाई. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लानं तेच उपचार वर्षाला ३५० डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी दरात, सेवाभावी संस्थेला देऊ केले. तीन औषधांची मिळून एकच गोळी, दिवसातून दोनदा! आफ्रिकेत माणसं मरत होती. आपल्याकडेही नवऱ्याकडून नकळत हा आजार आलेल्या कितीतरी बायका होत्या. २००४ पासून आपल्या सरकारनं हे उपचार मोफत सुरू केले.

मग कंपनी अगदी देवमाणूस का? तसं नाही हं. जादा दर आकारल्याच्या मुद्द्यावर सरकारशी तिचे कोर्टात वाद झाले. धंदा तो धंदाच. पण तिनंच पुण्याजवळ वारज्याला १९९७ साली कर्करोगाच्या रुग्णांसाठी मोफत शुश्रूषा केंद्रही उभारलं.

२००५ पासून जागतिक व्यापार कराराप्रमाणे औषधांना पुन्हा वस्तूचं पेटंट लागू झालं, तेही वीस वर्षांचं. जुना रस्ता अरुंद झाला. कंपनीनं पुन्हा कात टाकली: २०१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली, तर २०१६ मध्ये अमेरिकेतली कंपनी विकत घेतली.

आपण काय करायचं?

पेटंट संपलेलं औषध अनेक कंपन्या बनवतात. म्हणून पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव वाचायला शिका. "डॉक्टर, हेच औषध स्वस्तात मिळेल का?" असं विचारायला लाजू नका. मात्र त्यांना न विचारता औषध बदलू नका, आणि बरं वाटलं म्हणून डोस अर्धवट सोडू नका. आणखी एक. पंप लागला म्हणजे माणूस संपला, असं समजू नका. सुनेचा किंवा लेकीचा पंप पाहुण्यांपासून लपवायची काहीच गरज नाही.

भाजी घेताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो. औषधाच्या दुकानातच तेवढ्या गप्प का बसायचं?