डिंभ्याचं पाणी, श्रीगोंद्याचं लिंबू

कुकडी प्रकल्पाच्या उन्हाळी आवर्तनावरून पुन्हा ओढाताण सुरू झाली आहे. पुणे जिल्ह्यातलं जुन्नर-आंबेगाव म्हणतं पाणी राखा; खालचे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा म्हणतात सोडा. कोण काय बोललं ते बातम्यांत येऊन गेलं. खरा प्रश्न वेगळा आहे: हे पाणी पुढाऱ्यांच्या वजनावर वाटायचं की मोजमापावर?

श्रीगोंद्यात लिंबाच्या बागेत उभं राहिलं की या प्रश्नाची धग कळते. हस्त बहराचं फळ एप्रिल-मेमध्ये तोडणीला येतं आणि भावही तेव्हाच असतो. नेमक्या त्याच वेळी विहिरींनी तळ गाठलेला असतो. आवर्तन पंधरा दिवस लांबलं तर फळ फुगत नाही, गळून जातं. उशिरा आलेल्या पाण्याने झाड वाचतं, पण हंगाम गेलेला असतो. म्हणून कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाणी किती मिळणार याइतकंच ते कधी मिळणार, हे आधी कळायला हवं.

त्यात डिंभे-माणिकडोह बोगद्याचा वाद. डिंभे धरणाचं पाणी बोगद्यातून माणिकडोह धरणात वळवायचं, एवढीच कल्पना. घोडं अडलंय ते बोगद्याच्या तळपातळीवर. बोगदा खालून काढला तर डिंभे रिकामं होईल, ही आंबेगावची भीती. ती रास्तच आहे. पण पातळी कुठे धरायची हे सभेतल्या टाळ्यांवर ठरत नाही. सांडव्यावरून किती पाणी जातं, कालव्यात किती मुरतं, हे आकडे दोन्हीकडच्या शेतकऱ्यांसमोर एकाच बैठकीत ठेवले पाहिजेत.

असं होऊ शकतं, याचा दाखला आपल्याच नगर जिल्ह्यात आहे. गोदावरीच्या पाणीवाटपावरच्या मेंढेगिरी समितीच्या अभ्यासावर बेतून राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी गोदावरीसाठी आदेश दिला. १५ ऑक्टोबरला खालच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं त्यात ठरलं. उत्तर नगरने कडाडून विरोध केला, आजही करतो. तरी भांडण आता एका तारखेवर आणि एका आकड्यावर होतं, ही मोठी कमाई आहे. आणि दक्षिण नगर पुण्याकडे मागतंय ते याहून वेगळं काय? गोदावरीत हा जिल्हा वरच्या अंगाला, कुकडी ज्यात येते त्या भीमेच्या खोऱ्यात खालच्या. दोन्हीकडची दुखणी त्याला ठाऊक आहेत. सूत्राची मागणी त्यानेच लावून धरली पाहिजे.

पाण्याचे आकडे एकमेकांना सांगणं वैरी देशांनाही जमलं होतं. भारत-पाकिस्तानचा १९६० चा सिंधू करार एप्रिल २०२५ मध्ये स्थगित झाला खरा. पण त्याआधी १९६५ आणि १९७१ ची युद्धं होऊनही तो टिकला होता. नद्यांच्या प्रवाहाची माहिती एकमेकांना द्यायची, हे त्यातलं एक कलमच होतं. मग एकाच राज्यातल्या शेजारी तालुक्यांना एवढं का जमू नये?

येडगाव धरणापासून करमाळ्यापर्यंत प्रत्येक तालुक्याच्या हद्दीवर कालव्याचा विसर्ग मोजून रोज जाहीर करा. उन्हाळी आवर्तनाच्या तारखा ऑक्टोबरातच बांधून द्या. बोगद्याची पातळी दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एकत्र बसून ठरवावी. काम त्यानंतरच सुरू व्हावं.