दाब उतरत नाही, थकवा जात नाही

ज्वारीची पाने पिवळी पडली, की आपण नुसते पाणी देत बसत नाही. एखादे ताट उपटून मुळाला काय झाले ते पाहतो. शरीराचेही तसेच आहे.

आपल्या कंधार भागात पुष्कळ जण म्हणतात, "गोळ्या चालू हायेत, पण बीपी काही उतरंना. अंगात त्राण नाही." असे महिनोन्‌महिने चालले, तर 'वय झालं' म्हणून गप्प बसू नये. चढलेला दाब आतून काम करतो. त्याने लकवा मारतो, हृदय व मूत्रपिंडे बिघडतात.

आधी घरच्या गोष्टी पाहू. गोळी रोज घेतो का? लोणचे, पापड, ठेचा फार होतो का? दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, कमी मीठ पोटात जावे. गुडघेदुखीच्या काही गोळ्यांनीही दाब चढतो. दाब मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे.

एवढे करूनही दाब 140/90 च्या वरच राहिला, तर मूळ आत असू शकते. मूत्रपिंडे बिघडली, की दाब चढतो आणि थकवाही येतो. जोराने घोरणाऱ्या काही माणसांचा श्वास झोपेत अडतो. त्यांचाही दाब वाढतो व दिवसा पेंग येते.

आणखी एक कारण आहे. 1955 साली अमेरिकेतील डॉक्टर जेरोम कॉन यांनी एका बाईची हकीकत छापली. तिचा दाब चढलेला होता, हातापायांत बळ नव्हते. मूत्रपिंडावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. तिच्यात गाठ निघाली. या ग्रंथीचा रस जास्त झाला, की शरीरात मीठ साठते आणि दाब चढतो. पोटॅशियम नावाचा क्षार लघवीवाटे निघून जातो, म्हणून बळ जाते. गाठ काढल्यावर ती बाई सुधारली. आज हा रोग रक्त तपासून ओळखता येतो. कोणाला शस्त्रक्रिया लागते, कोणाला वेगळी गोळी पुरते.

म्हणून आम्ही सांगतो, डॉक्टरांना धीटपणे विचारा, "साहेब, माझा दाब का उतरत नाही? रक्त-लघवी तपासायची का?" आधी कंधारच्या सरकारी दवाखान्यात जा. त्यांनी पुढे पाठवले, तर नांदेडच्या सरकारी मोठ्या रुग्णालयात जा. जुने कागद आणि सगळ्या गोळ्या बरोबर न्या. पण चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका.